दुसऱ्याच्या रानातली वाट

रेडिंग, इंग्लंड
८ जून

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या उसातून नदीच्या घाटाकडं जाणारी वाट दिवाळीच्या आत तार ठोकून बंद करायची, असं अण्णा तुम्ही फोनवर म्हणालात. मी नुसतं हूं हूं केलं. फोनवर तुमच्याशी वाद घालायची माझी टाप नाही, आणि स्पीकर चालू असला की शेजारी आप्पाही बसलेले असतात. म्हणून सविस्तर लिहितोय. आईनं मोठ्यानं वाचून दाखवावं. आजीच्या कामाचं एक प्रकरण यात आहे, ते शेवटाकडं येईल. तोवर तिला झोपू देऊ नका.

उन्हाळा लागल्यापासून सुटीच्या दिवशी मी गोरिंग नावाच्या गावाला जातो. रेडिंगहून पॅसेंजर गाडीनं फार तर वीस मिनिटं. टेम्स नदीच्या एका काठाला गोरिंग, दुसऱ्या काठाला स्ट्रीटली, मध्ये पूल. आताचा पूल १९२३चा. त्याच्या आधी १८३७मध्ये पहिला झाला, आणि त्याही आधी नावेनं ये-जा चालायची. १६७४ साली गोरिंगच्या जत्रेहून परतणाऱ्या लोकांनी भरलेली नाव बंधाऱ्याजवळ उलटली आणि साठेक माणसं बुडाली. नदीकाठच्या गावांच्या आठवणी सगळीकडं अशाच, कोण बुडालं आणि कुठल्या साली पाणी कुठवर आलं यांच्या.

गावाच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत. पूर्वेला चिल्टर्न, पश्चिमेला बार्कशायर डाउन्स. यांना डोंगर म्हणायचं म्हणजे पाचगणीकडं बघून वाढलेल्या माणसाला हसू येतं, पण आहेत देखणे. सगळा खडूचा दगड, शाळेत फळ्यावर लिहायचो त्या जातीचा. नदीनं हा खडू कापून मधून खिंड पाडली, त्या खिंडीत ही दोन गावं. नांगरलेलं रान पांढरट दिसतं आणि ढेकळांत गारगोट्याच गारगोट्या. इथल्या जुन्या घरांच्या भिंतीही याच गारगोट्यांच्या, कोपऱ्यांना तेवढी वीट. अण्णा, हे रान बघून तुम्ही म्हणाला असता की यात काय पिकणार. गहू उभा आहे, माझ्या मांडीएवढा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ऑगस्टात काढतात. दहा महिने गहू रानात उभा, हे आप्पांना सांगून बघा, विश्वास ठेवणार नाहीत.

मला घेऊन जाणारी म्हणजे माझी घरमालकीण. वय सत्तरीच्या पुढं, पण चालायला लागली की मला धाप लागते. मी तिला नावानंच हाक मारतो, इथं तशीच रीत आहे. आईनं त्यावर काही बोलू नये. चिल्टर्न सोसायटी म्हणून इथं १९६५पासूनची एक संस्था आहे. डोंगरातल्या पायवाटांवरची झुडपं छाटणं, मोडलेली कवाडं दुरुस्त करणं, पाट्या लावणं अशी कामं तिचे लोक स्वखुशीनं करतात. मालकीणबाई त्यातल्याच. पाठपिशवीत पाण्याची बाटली नसली तरी चालेल, झाडं छाटायची कात्री हवीच.

पहिल्यांदा तिच्याबरोबर गेलो तेव्हा गावाबाहेर रस्त्याच्या कडेला लाकडी खांबावर बाण होता, ‘पब्लिक फुटपाथ’. बाण सरळ गव्हाच्या रानाकडं. ती घुसली आत. मी बांधावरच उभा. दुसऱ्याच्या उभ्या पिकात पाय घालायचा नाही हे तुमच्याकडूनच शिकलोय. ती मागं वळून म्हणाली, चल, ही आपली वाट आहे. बघितलं तर गव्हाच्या मधून हात-दीड हात रुंदीची मोकळी पट्टी या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ गेलेली. तिथं पीक उगवू दिलेलंच नव्हतं. शेतकऱ्यानंच तसं ठेवलेलं.

नंतर मी युनिव्हर्सिटीत या विषयाचं थोडं वाचलं, कारण माझ्या डोक्यात आपला घाट होता. रान मालकाचं, पण त्यातून जायचा हक्क सगळ्यांचा. मालकाच्या परवानगीचा प्रश्नच नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल भरतात. १९४९ साली कायदा झाला आणि प्रत्येक कौंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, आपल्या हद्दीतल्या वाटांचा पक्का नकाशा करायचा ठरलं. माहिती गोळा केली कुणी, तर बहुतेक ठिकाणी गावोगावच्या पंचायतींनी. वाटा चालून बघितल्या, नोंदी केल्या, त्यावर हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. एकदा वाट त्या नकाशावर चढली की ती वाट आहे हे सिद्ध झालं. पुढं पन्नास वर्षं तिच्यावरून कुणी चाललं नाही तरी हक्क जात नाही. दुकानात पंचवीस हजाराला एक अशा प्रमाणाचे नकाशे मिळतात, त्यावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. गोरिंगचा नकाशा मी विकत घेतलाय, येताना घेऊन येईन.

शेतकऱ्यावर बंधनं किती ऐका. रानाच्या मधून जाणारी वाट नांगरायची त्याला मुभा आहे, पण पेरणीसाठी रान पहिल्यांदा उलटं केल्यापासून चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करायची, निदान एक मीटर रुंद. बांधाच्या कडेनं जाणारी वाट असेल तर ती नांगरायचीच नाही, आणि रुंदी निदान दीड मीटर. पीक वाटेवर वाढू द्यायचं नाही. १९९०चा कायदा आहे हा. वळूबद्दलही नियम आहे, तो वाचताना मला आपल्या गोठ्याची आठवण झाली. जर्सी, फ्रिजियन असल्या दुधाळ जातीचा दहा महिन्यांपुढचा वळू वाट असलेल्या रानात मोकळा सोडायचा नाही. मांसासाठी पाळलेल्या जातीचा असेल तर चालतो, पण सोबत गायी-कालवडी हव्यात. म्हणजे दुधाळ जातीचा वळू जास्त तापट, हे इंग्लंडच्या पार्लमेंटनं मान्य केलेलं आहे. आप्पांचा जर्सी वळू आठवा आणि सांगा, चुकलं का त्यांचं?

याची दुसरी बाजूही मी विचारून घेतली. वाटेत एक शेतकरी भेटला, मेंढ्यांच्या कुंपणाची तार ओढत होता. मी सांगितलं, माझे वडील शेतकरी आहेत, त्यांच्याही रानातून वाट जाते, तुम्हाला या चालणाऱ्या लोकांचा त्रास होत नाही का? तो हसला नाही. म्हणाला, होतो. कुत्री मोकळी सोडतात आणि ती गाभण मेंढ्यांच्या मागं लागतात. कवाड उघडं टाकून जातात. रोगराईच्या काळात जीव मुठीत असतो. पण वाट बंद करावी असं वाटतं का, यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी नदी बंद करायची गोष्ट काढली असावी. म्हणाला, वाट माझ्या आधीपासून आहे, मला कवाडाचाच काय तो बंदोबस्त करायचा असतो.

कवाडांचं मला फार कौतुक वाटलं. बांधावर कुंपण आहे आणि वाटही आहे, मग जायचं कसं? एक प्रकार असा की कुंपणाला आडव्या दोन फळ्या पायऱ्यांसारख्या बसवलेल्या, वर चढायचं आणि पलीकडं उतरायचं. म्हाताऱ्या माणसांना ते जड जातं, म्हणून आता दुसरा प्रकार जास्त बसवतात. अर्धगोल कठडा आणि त्याच्या आत हलणारं छोटं दार. दार एका बाजूला ढकलून कठड्यात शिरायचं, मग दार मागं लोटून बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस जातो. गाय जात नाही, मेंढी जात नाही, मोटारसायकल तर नाहीच नाही. आणि दार उघडं राहायची भीतीच नाही, कारण ते कुठल्याही बाजूला असलं तरी वाट अडलेलीच. याचं चित्र वेगळ्या कागदावर मापांसकट काढून सोबत ठेवलंय. का, ते पुढं सांगतो.

आता नदी. गोरिंगच्या पुलाखालीच लॉक आणि बंधारा आहे. बंधाऱ्यानं पाणी वर तुंबवलेलं, आणि बोटींना खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात जाता यावं म्हणून शेजारी दोन्हीकडं दरवाजे असलेला दगडी हौद. बोट खालून आत आली की मागचे दरवाजे लावायचे आणि वरचं पाणी आत सोडायचं. बोट हळूहळू वर येते, मग पुढचे दरवाजे उघडायचे. पंप नाही, काही नाही, सगळं पाण्याच्या वजनावर. टेम्सवर असे चाळीसहून जास्त लॉक आहेत. लॉकवरचा माणूस तिथंच राहतो आणि अंगणात फुलझाडं लावतो. तासभर मी ते बघत बसलो. जुने बंधारे कसे होते ते कळल्यावर तर तुमची फारच आठवण आली. आडव्या तुळईला उभी लाकडं टेकवायची, त्यांवर फळ्या लावायच्या, आणि पूर आला की हातानं एकेक काढायच्या. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे काढतात तेच काम. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी दारं आलीत.

नदीला घाट मात्र कुठंही नाही, हे मला फार चुकल्यासारखं वाटतं. पाण्यात उतरायला पायऱ्या नाहीत, कुणी हात जोडत नाही, दिवा सोडत नाही. आहे ती काठानं जाणारी वाट. आणि ती आली कुठून, तर घोड्यांकडून. पूर्वी मालाच्या बोटी काठावरून घोडे ओढायचे, त्यांच्यासाठी काठाला वाट ठेवलेली. पण नदीकाठच्या सगळ्या जमीनदारांनी ती आपल्या जमिनीतून जाऊ दिली नाही. एका काठाला मालक नाही म्हणाला की वाट दुसऱ्या काठाला जायची आणि घोड्यांना नावेत घालून पलीकडं न्यायचं. गोरिंगहून नदीच्या प्रवाहाबरोबर चालत गेलं की रेल्वेचा मोठा विटांचा पूल लागतो. ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरनं बांधलेला, रेल्वे यावरून १८४०मध्ये सुरू झाली. त्याच्या जवळच नावाड्याचं जुनं घर आहे. आता घोडे नाहीत, नाव नाही, आणि वाट तिथून पुढं नदी सोडून डोंगर चढते. १९९६मध्ये टेम्सच्या उगमापासून लंडनपर्यंत १८४ मैलांची पायवाट अधिकृतपणे खुली झाली, पण दोनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी नाही म्हटलं त्याचे वळसे तिच्यात अजून आहेत. शंभर माणसं रोज तो डोंगर चढतात, आणि नाही म्हणणारा कोण होता ते कुणाला माहीतही नाही.

डोंगर चढल्याचं मला दुःख नाही, हे खरं. वर हार्ट्सलॉक नावाचा राखीव कुरणाचा उतार आहे. मे महिन्यात तिथं मंकी ऑर्किड फुलतात. एकेका फुलाला दोन हात, दोन पाय आणि वर शेपूट, खरोखर माकडाचं पिल्लू लोंबकळावं तसं. ब्रिटनमध्ये ही फुलं मोजक्याच जागी उरलीत. लोक गुडघे टेकून फोटो काढतात. वर घारी फिरत असतात, तांबूस अंगाच्या आणि शेपटीला खाच असलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातून ही घार मारून मारून संपवली होती. मग १९८९ ते १९९४च्या दरम्यान स्पेनहून नव्वदेक घारी आणून या चिल्टर्नमध्ये सोडल्या. आता इतक्या झाल्यात की डबा उघडून बसावं तर वर बघत बसावं लागतं. मालकीणबाईंच्या हातातलं सँडविच एकीनं उचललं, तेव्हा त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या मी कॉलेजातही ऐकल्या नाहीत.

तिथून खाली उतरलं की व्हिटचर्च, आणि पुलापलीकडं पँगबोर्न. गोरिंगपासून सगळं मिळून सातेक किलोमीटर. व्हिटचर्चचा पूल खाजगी कंपनीचा आहे, १७९२च्या कायद्यानं टोल घ्यायचा हक्क मिळालेला. आजही मोटारवाल्यांना टोल द्यावा लागतो. आपण पायी फुकट. पँगबोर्नला गाडी पकडून परत रेडिंग.

हे वाचून तुम्हाला वाटेल, पोरगं इंग्रजांच्या प्रेमात पडलं. तसं नाही. गोरिंगमध्ये नदीकाठाला जी घरं आहेत त्यांच्या किमती ऐकल्या तर आपला अख्खा गाव विकून एक येणार नाही. जॉर्ज मायकल नावाचा मोठा गायक तिथंच राहायचा, २०१६च्या नाताळच्या दिवशी त्याच घरी वारला; ताईला ठाऊक असेल. अशा बंगल्यांच्या हिरवळी थेट पाण्यापर्यंत गेलेल्या आणि काठावर ‘खाजगी’ म्हणून पाट्या. गावातल्या शेतमजुराच्या पोराला गावात घर घेणं जमत नाही, तो दूर शहरात जाऊन राहतो, आणि लंडनला नोकरी करणारे गावात येऊन राहतात. संध्याकाळी सहा वाजता स्टेशनवर जेवढी माणसं दिसतात तेवढी दिवसभर गावात दिसत नाहीत. आणि पाणी दिसतं नितळ, पण मोठा पाऊस झाला की पाणी कंपन्या गटाराचं पाणी नदीत सोडतात, यावरून देशभर बोंबाबोंब चाललीय. १९८९मध्ये यांनी पाण्याचा सगळा कारभार खाजगी कंपन्यांना दिला, त्याचं हे फळ, असं मालकीणबाई म्हणतात. त्या राजकारणावर सुरू झाल्या की मी नकाशा काढतो.

आता आजीचं. आजी, तू काशीला जाऊन आलीस ना? तर इथं गोरिंगपासून दहा-अकरा किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर, स्टोक रो नावाच्या लहानशा गावात काशीच्या महाराजांनी खणून दिलेली विहीर आहे. थट्टा करत नाही. फोटो ताईच्या मोबाईलवर पाठवलाय. आठ खांबांवर घुमट आणि आत पाणी ओढायच्या चाकावर सोनेरी हत्ती.

झालं असं की या भागातला एडवर्ड रीड नावाचा साहेब हिंदुस्थानात नोकरीला होता. त्यानं १८३१मध्ये आझमगढ भागात लोकांसाठी विहीर बांधून दिली होती. पुढं काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची दोस्ती झाली. बोलता बोलता त्यानं आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली. आमच्याकडं डोंगरावर पाण्याचे इतके हाल की घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून आईनं पोराला बडवलेलं मी बघितलंय. महाराजांच्या ते मनात राहिलं. १८६३मध्ये त्यांनी पैसे दिले आणि विहिरीचं काम सुरू झालं. २४ मे १८६४ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. पाणी फुकट, कुणालाही. शेजारी चेरीची बाग लावून दिली, तिच्या उत्पन्नातून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून, आणि पाणक्यासाठी छोटं घरही बांधून दिलं.

अण्णा, खोली ऐका. ३६८ फूट. रुंदी फक्त चार फूट. आणि सगळी हातानं खणलेली. खडूत पाणी मुरतं आणि थेट तळाला जातं, माथ्यावर थेंब थांबत नाही. म्हणून नदी दोन कोसांवर असूनही वरची गावं तहानलेली. आपल्याकडं बोअर मारणारी गाडी एवढ्या खोलीला जाते तेव्हा आपण दर फुटाला देवाचं नाव घेतो. इथं एक माणूस टोपलीत बसून कंदील घेऊन तेवढ्या खाली उतरत होता. मी कठड्याला हात लावून खाली बघितलं, काहीच दिसलं नाही.

महाराज सत्तावनच्या उठावात इंग्रजांच्या बाजूचे होते आणि रीडसाहेबांशी मैत्री त्या हिशेबातलीही होती, हे अण्णा तुम्ही म्हणणारच, आणि ते खरं आहे. आपला मुलूख दुष्काळात होरपळत असताना हिंदुस्थानातल्या राजानं इंग्लंडात विहीर का खणावी, हेही मी स्वतःला विचारलं. पण त्या पोराचा त्यात काय दोष? मालकीणबाईंना मी विचारलं, तुमच्यातल्या कुणी कधी या विहिरीचं पाणी प्यायलंय का. म्हणाल्या, माझी आजी याच माथ्यावरची, तिनं या हत्तीखालून बादल्या भरून नेल्यात. आजी, त्या बाईला तुझा नमस्कार सांगितला. तुला तिनंही सांगितलाय.

अण्णा, आता मुद्द्यावर येतो, रागावू नका.

तुमच्या तक्रारी मला मान्य आहेत. विसर्जनाला पोरं ट्रॅक्टर घालतात. दशक्रियेला येणारे उसाची कांडी मोडून खातात आणि पाटात प्लॅस्टिक टाकून जातात. मागच्या साली मोटारसायकलींनी पाईपलाईन फोडली. पण तार ठोकून सगळ्यांनाच बंद करणं टिकणार नाही. इंग्लंडात वीस वर्षं लोक एखाद्या वाटेवरून बेधडक चालत आले, मालकानं अडवलं नाही, तर ती सार्वजनिक वाट मानली जाते, असा १९८०चा कायदा आहे. आपल्याकडंही वहिवाटीचा १८८२चा कायदा यांनीच करून ठेवलाय, त्यातही वीसच वर्षं. आणि आपल्या घाटाची वाट पणजोबांच्या आधीपासूनची, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात. तार ठोकली आणि वाडीतल्या कुणी सहा महिन्यांच्या आत मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज केला, तर तहसीलदार ती काढायला लावू शकतात. मग गावात वाईटपणा येईल आणि तारही जाईल. त्यापेक्षा आधी तलाठ्याकडून गाव नकाशाची नक्कल काढा आणि त्यावर ही वाट दाखवलीय का ते बघा. असेल तर प्रश्नच मिटला.

मला सुचतं ते असं. वाट आता उसाच्या मधून तिरकी जाते, ती उत्तरेच्या बांधाकडेनं सरळ करून घ्या, वाडीतल्या चार जाणत्यांना बोलावून, त्यांच्या समोर. चार फूट रुंदी पुरे. उसाच्या बाजूला तार खुशाल ठोका, दोन पदरी ठोका. आणि वाटेच्या दोन्ही तोंडांना सोबतच्या चित्रासारखं दार बसवा. दोन इंची पाईप, दोन बिजागऱ्या आणि खाली काँक्रीट, एवढंच सामान. स्टँडवरच्या वेल्डरला दाखवलं तर दोन दिवसांत करून देईल. माणूस जाईल, डोक्यावर घागर घेतलेली बाई जाईल, मोटारसायकल अडेल. विसर्जन आणि दशक्रियेसाठी कठड्याचा एक पाईप काढता-घालता यावा अशी खाच मी चित्रात दाखवलीय, किल्ली तुमच्याकडं राहील. आप्पांना खर्चात निम्मं मागा, त्यांचाही ऊस वाचतोय.

आजी घाटावर एकटी जाते, तिला पायऱ्या चढायला नकोत, म्हणून मी फळ्यांचा प्रकार न सुचवता हा सुचवलाय.

आईनं गोडा मसाला पाठवायची घाई करू नये, निम्मा डबा अजून आहे. परीक्षा संपल्या, आता मातीच्या नमुन्यांचं काम सुरू होईल, ते ऑगस्टअखेरपर्यंत चालेल. ताईच्या पोराला सांगा, मंकी ऑर्किड तोडता येत नाही, कायद्यानं बंदी आहे, म्हणून फोटोवरच भागवावं.

वेल्डर किती म्हणतो ते कळवा. निम्मे पैसे मी पाठवतो.

तुमचा,
बाळू